खंडेनवमीची सुरी

आमच्या लष्करच्या घरी खंडेनवमीच्या सकाळी देवघरापुढे पाट मांडून जी शस्त्रे ठेवण्याचा प्रघात आहे, त्यांत दोन तलवारी, एक दांडपट्टा आणि एक सुरी असे. तलवारी साध्या, दांडपट्ट्याचे पाते कधीच मोडलेले. मान मात्र खरा त्या सुरीचा. तिचे म्यान लाल मखमलीचे, तोंडाशी पितळी मोहनाल, टोकाला पितळी तहनाल, मुठीवर किनखापाची पट्टी घट्ट गुंडाळलेली. आमचा मूळपुरुष गोमंतकातल्या पेडणे महालातून जिवबादादा केरकरांच्या पदरी शिंदेशाहीत आला, आणि ही सुरी कमरेला लावून तो 1795 साली खर्ड्याच्या रणात उभा होता, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ती उपसायची नाही, असा घरचा नेम होता. हळद-कुंकू वाहायचे ते म्यानावरच. न उपसण्याचे कारण आम्ही कोणी विचारले नाही. वडिलांनीही बहुधा त्यांच्या वडिलांना विचारले नसावे.

दोन वर्षांपूर्वी पाटावरून उचलताना पुतण्याच्या हातात मखमल राहिली आणि आतले लाकूड भुशासारखे खाली आले. वाळवीने म्यान पोखरले होते. भुशातून जे पाते बाहेर आले ते आम्ही प्रथमच पाहिले. तांबेऱ्याने माखलेले, पुढच्या बाजूस पोटाळलेले आणि टोकाशी चोचीसारखे वळलेले. थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पुढच्या नवमीच्या आत नवे म्यान झाले पाहिजे. अगदी होते तसेच.” घरात रिकामटेकडा मीच, तेव्हा ती कामगिरी माझ्याकडे आली.

आपल्या शहरात असल्या घराण्यांचा तोटा नाही. दौलतराव शिंद्यांनी 1810 साली येथे छावणी टाकली आणि त्या छावणीचेच लष्कर झाले. तेव्हापासूनची पाती, कट्यारी आणि कुकऱ्या कित्येक वाड्यांतून पडून आहेत. काहींच्या घरी शिकारीच्या सुऱ्या आहेत, तर हल्लीच्या नातवंडांनी डोंगर चढायला जाताना लागणारे चाकू त्यांत भर घातली आहे. पाते शंभर वर्षे टिकते, म्यान टिकत नाही. तेव्हा माझ्यावर आली ती पाळी वाचकांपैकी कुणावर तरी येणारच, हे मनात धरून मी जे शिकलो ते सांगतो.

पहिला धडा येथेच मिळाला. म्याने करणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे गेलो आणि “होते तसेच करा,” म्हणून मखमलीची चिंधी पुढे केली. त्याने ती बाजूला सारली आणि पाते मागितले. पाते घरी होते. तो म्हणाला, “मग पायताण शिवायला पाय घरी ठेवून येता का?” ओशाळून परत फिरलो. म्यान नेहमी पात्यावरून बेतावे, जुन्या म्यानावरून बेतू नये. कारण जुने म्यान कुणी, कधी, कशासाठी केले याचा भरवसा नसतो. हे वाक्य मी तेव्हा नुसते ऐकून घेतले. त्याचा खरा अर्थ पुढे डिचोलीस कळला.

त्यानेच मापे घेण्याची रीत शिकविली. पाते जाड पुठ्ठ्यावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवावी आणि तो आकार कापून काढावा. मुठीपासून टोकापर्यंतची लांबी, सर्वांत रुंद जागेची रुंदी, मुठीजवळच्या गळ्याची रुंदी आणि पाठीची जाडी ही चार मापे पुठ्ठ्यावरच लिहावीत. आमच्या पात्याची लांबी साडेनऊ इंच, पोटाची रुंदी सव्वादोन, गळ्याची जेमतेम सव्वा आणि पाठीची जाडी पाव इंचाला थोडी कमी भरली. कारागिराने पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला व मान हलविली. “पोट गळ्याहून रुंद. हे म्यानात जाणार कसे? तोंड गळ्याएवढे ठेवले तर पोट आत शिरत नाही. पोटाएवढे ठेवले तर आत गेल्यावर खुळखुळते.” तो खुळखुळाट आम्ही लहानपणी ऐकला होता. सुरी रागावली की वाजते, असे आजी सांगे.

सरळ पात्याला ही अडचण नाही. सरळ पात्याच्या म्यानाने तोंडाशीच पात्याला हलके आवळून धरावे. उलटे केले तरी सुरी गळता कामा नये आणि नुसत्या बंदावर तिचा भार नसावा, कारण बंद तुटतो. चामड्याचे म्यान असेल तर दोन पदरांच्या मध्ये, धारेच्या बाजूस, चामड्याचीच एक जाड पट्टी शिवलेली हवी. ती नसेल तर धार दर खेपेस टाके कापते, आणि एके दिवशी म्यान उसवून पाते मांडीत शिरते. बाजारातले स्वस्त म्यान घेताना ही पट्टी आहे की नाही एवढे पाहिले तरी निम्मे काम झाले. टोकाला एक बारीक भोक असावे, म्हणजे आत शिरलेले पाणी बाहेर जाते.

दुसरा प्रश्न माझ्या ओळखीच्या वकिलांनी उभा केला. मूळ गावी जाऊन चौकशी करावी असे मनात होते, आणि सुरी बरोबर न्यावी की काय हे त्यांना विचारले. 1959 च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या तलवारी, खंजीर, सुऱ्या यांची गणना शस्त्रांत केली आहे. आणि जेथे सरकारने तशी अधिसूचना काढली असेल तेथे त्या बाळगण्यास परवाना लागतो. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी घडविलेली पाती मात्र त्यातून वगळलेली आहेत. वकील हसून म्हणाले, “तुमची सुरी दोन्ही मापांनी शस्त्र ठरते. खर्ड्याला गेलेली, असे तुम्हीच गावभर सांगता. ती घरी ठेवा, पुठ्ठा न्या.” त्याप्रमाणे पुठ्ठा, मखमलीची चिंधी आणि मोहनाल-तहनाल एवढा ऐवज पिशवीत घालून मी निघालो.

थिवीला उतरून कोलवाळचा पूल ओलांडला की पेडणे महाल लागतो. मोपाच्या पठारावर 2023 च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली आहेत आणि महालाची रया पालटत चालली आहे. पण केरीकडे वळणारा रस्ता अजून माडा-फणसांतूनच जातो. हा महाल 1788 साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला आणि 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त होईपर्यंत त्यांच्याकडे राहिला. ज्या सुमारास गाव परक्यांच्या हाती गेले, त्या सुमारास गावचे जिवबादादा उत्तरेत महादजींच्या फौजा हाकीत होते. केरीला तेरेखोल नदी समुद्राला मिळते. पलीकडच्या टेकडीवर तेरेखोलचा किल्ला दिसतो आणि मध्ये फेरीबोट ये-जा करते. किल्ला पाहून मला आमच्या सुरीविषयी अधिकच अभिमान वाटला, हे कबूल केले पाहिजे.

आमच्या भावकीतले एक वडीलधारे, ज्यांना मी आबा म्हणतो, त्यांच्या पडवीत बसून पुठ्ठा पुढे ठेवला आणि खर्ड्याची सारी हकीकत सांगितली. आबा ऐकत होते. त्या दिवशी त्यांच्याकडे माड उतरवायला पाडेली आला होता. पाणी प्यायला तो पडवीच्या पायरीवर टेकला, त्याची नजर पुठ्ठ्यावर गेली आणि तो सहजपणे म्हणाला, “बाब, ही कोयती मरे! हिका म्यान कित्याक?”

मी काही बोलणार तोच त्याने हात मागे नेला, कमरेची कोयती काढली आणि पुठ्ठ्यावर ठेवली. गळा गळ्यावर बसला, पोट पोटावर. त्याच्या कोयतीची चोच घासून थोडी आखूड झाली होती, एवढाच फरक. आबांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते अंगणातल्या नारळांच्या ढिगाकडे पाहत राहिले, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

संध्याकाळपर्यंत मी त्या पाडेल्याच्या मागे हिंडलो. आम्ही ज्याला म्यान म्हणत होतो त्या ठिकाणी त्याच्याजवळ आकडी होती. आकडी म्हणजे वीतभर लांबीचा लाकडी ठोकळा. पोटात आरपार चीर, दोन्ही टोकांना भोके आणि त्यांतून ओवलेली दोरी. ती कमरेला अशी बांधायची की ठोकळा पाठीमागे येतो. कोयती वरून चिरेत सोडायची. चीर पोटाएवढी रुंद, म्हणून पाते न अडखळता खाली जाते. मूठ चिरेहून जाड, म्हणून ती वर अडकते. आणि माणूस वाकला की पाते तिरके होऊन त्याची चोच ठोकळ्याखाली अडते, म्हणून कोयती निसटत नाही. खाली तळ नसल्याने पाऊस, माडाचा चीक, लाकडाचा भुसा काहीही साचत नाही. आमच्या कारागिराला जे कोडे सुटले नव्हते ते या ठोकळ्याने सोडविले होते, तेही पात्याला डांबून न ठेवता.

“उघडी धार पाठीशी घेऊन वर चढायचे, भीती नाही वाटत?” मी विचारले. तो म्हणाला, “पोट माडाकडे असते, बाब. पाठीकडे कोण आहे?” बसताना मात्र तो आकडी सोडून बाजूला ठेवी, पायरीवर टेकतानाही त्याने ती आधी सरकवून घेतली होती. दिवसातून शंभरदा कोयती काढायची आणि न पाहता, एका हाताने, परत घालायची. दुसरा हात माडाला. बटणे, बंद, टोपण यांना तेथे जागाच नाही. म्यान निवडताना पात्याच्या आधी ते वापरणारा हात कसा मोकळा राहील हे पाहावे, हे मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसले. डोंगरावर चाकू नेणाऱ्या आमच्या नातवंडांनाही हेच लागू आहे. डावखोऱ्याने उजव्या हाताचे म्यान घेऊ नये, आणि ज्याला एका हाताने काढता-घालता येत नाही ते म्यान कितीही सुबक असले तरी परत करावे.

आकडी गावच्या मेस्ताने फणसाच्या लाकडाची करून दिली, तीही पुठ्ठ्याच्या मापाने. चीर कोरताना त्याने पाठीच्या जाडीचे माप दोनदा विचारले. लाकडाविषयी त्याच्याशी पुष्कळ बोलणे झाले. बंद म्यान करायचेच असेल तर शिवणीचे लाकूड बरे, कारण ते हलके असते आणि हवा पालटली तरी पिळत नाही. सागवान टिकाऊ खरे. पण त्यात वाळूसारखा कठीण अंश असतो, तो हत्यारांची धार बोथट करतो, असे तो म्हणाला, आणि ते खरेच आहे.

चामड्याविषयीही तेथेच डोळे उघडले. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे त्याच्या चौथाईच्या आसपास. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले चामडे, ज्याच्या कोल्हापुरी वहाणा होतात, ते पात्याला घट्ट आणि सुबक बसते; पण त्यात सालीचे आम्ल असते आणि ओल धरण्याचा गुण असतो. रासायनिक क्षारांत कमावलेल्या चामड्याचे क्षारही लोखंडाला बाधतात. मखमल तर ओलीचा घरच. म्हणून कसलेही म्यान असले तरी पाते त्यात वर्षभर कोंडून ठेवू नये. म्यान वाटेवर बाळगण्यासाठी असते. घरी पाते पुसून, शिवणयंत्राचे तेल लावून, बाहेर सुक्या जागी ठेवावे. हल्ली प्लास्टिकचा पत्रा तापवून पात्यावर दाबून म्याने करतात. ती पाणी पीत नाहीत आणि पावसाळी मुलखात उपयोगी पडतात. आत वाळू शिरली तर मात्र पात्यावर ओरखडे उठतात, तेव्हा ती अधूनमधून धुवावी लागतात.

एवढे झाल्यावर मी परतायला हवे होते. पण दादांना काय सांगायचे? पिशवीत ती मोहनाल आणि तहनाल होती, निदान ती तरी कुठे बसवून न्यावीत असे वाटले. डिचोलीचे पितळकाम प्रसिद्ध; तेथल्या समया गोव्याच्या देवळांतून आणि घरांतून तेवतात. कोलवाळ, अस्नोडा करीत डिचोली गाठली आणि एका कारागिराच्या ओट्यावर दोन्ही तुकडे ठेवले. दोन्हींवर हिरवा गंज चढला होता. त्याने ते चिंचेच्या कोळाने घासले, पुसले आणि मोहनाल उजेडाकडे धरून बराच वेळ फिरविली.

“हे त्या पात्याचे नव्हे,” तो म्हणाला. पुठ्ठ्याचा गळा त्याने मोहनालीत घालून दाखविला. गळा वाकडा, तोंड सरळ आणि चिंचोळे. कुठल्यातरी दुधारी, सरळ पात्यासाठी घडविलेले. मग त्याने मागची बाजू दाखविली. मोहनाल पाठीमागे उभी कापली होती आणि पुन्हा डाख देऊन जोडली होती. मखमलीच्या चिंधीलाही पाठीमागे लांबलचक शिवण होती, ती आम्ही नेहमी पाटाकडे करीत असू. कुणीतरी एका सरळ सुरीचे रिकामे म्यान पाठीकडून चिरले, त्यात कोयती निजविली, वरून मखमल शिवली आणि पितळ जोडून टाकले. उपसायची नाही हा नेम नव्हताच; ती उपसणे शक्यच नव्हते.

परतीच्या गाडीत दोन दिवस मी याचाच विचार करीत होतो. खर्ड्याची सुरी कदाचित खरोखरच होती. तिचे म्यान तेवढे उरले. पाते कधी, कुठे गेले, विकले की हरवले, हे कळण्याचा मार्ग नाही. आणि कोयती? पेडण्याहून उत्तरेकडे निघालेल्या त्या तरुणाने ती घरच्या बागेतून कमरेला तशीच आणली असेल, किंवा मागाहून कुणा माहेरवाशिणीबरोबर आली असेल. ग्वाल्हेरीस माड नाहीत. जिचे कामच उरले नाही अशी कोयती आणि जिच्यात पाते उरले नाही असे म्यान, या दोहोंची गाठ घरातल्याच कुणीतरी घातली. ते फसवणुकीसाठी केले असेल असे मला वाटत नाही. रिकामे म्यान पाटावर ठेवणे त्या माणसाच्या जिवावर आले असावे.

दादांना मी सारे सांगितले. ते पंच्याऐंशीचे आहेत. सांगू नये असेही एकदा मनात आले होते. त्यांनी आकडी हातात घेतली, कोयती वरून सोडली. ती मुठीपाशी येऊन थांबली. तिरकी केली, चोच अडली. पुन्हा सरळ केली, काढली, पुन्हा घातली. असे त्यांनी सात-आठ वेळा केले असेल. “वाजत नाही,” एवढेच ते म्हणाले.

कोयतीचा तांबेरा पुतण्याने तेल आणि बारीक पॉलिश कागद लावून आठ दिवसांत उतरविला. गंजाचे खड्डे राहिले, ते राहणारच. किनखापाची पट्टी सोडली तेव्हा खालची लाकडी मूठ निघाली. अंगठ्याच्या जागी ती झिजून खोल झाली होती. म्यानात शिवून ठेवलेल्या हत्याराची मूठ झिजत नाही. कुणीतरी त्या कोयतीने वर्षानुवर्षे काम केले होते, आणि त्या माणसाचा अंगठा माझ्या अंगठ्याहून रुंद होता. वकिलांनाही कळविले, शेतीचे हत्यार म्हटल्यावर मापांचा प्रश्न उरला नाही.

गेल्या नवमीस पाटावर तलवारी होत्या, मोडका दांडपट्टा होता, आकडीत घातलेली कोयती होती आणि तिच्या शेजारी, भुसा झाडून स्वच्छ केलेली मोहनाल, तहनाल आणि घडी घातलेली मखमल वेगळी मांडलेली होती. नव्या म्यानाचा विषय दादांनी काढला नाही. धाकट्या नातवाने मोहनालीकडे बोट करून विचारले, “याचे पाते कुठे आहे?” “हरवले,” दादा म्हणाले, आणि नैवेद्याचा नारळ कोयतीच्या पाठीने फोडायला त्यांनी तिला आकडीतून काढले.